रीफ टँकमधले भरवशाचे नसलेले मासे: एंजल, कॉपरबँड, ट्रिगर (नागपूरच्या उन्हाळ्यासकट)

तर्रीपोहा (धागाकर्ता)

टाकी ४ × २ × २ फूट, मानेवाडा. संप (टाकीखालची फिल्टरची टाकी) धरून खेळतं पाणी अंदाजे ४२० लिटर, वय दीड वर्ष. आजचे आकडे: खारटपणा ३५ पीपीटी, अल्कलिनिटी (पाण्यातल्या कार्बोनेटचं माप) ८.३ डीकेएच, कॅल्शियम ४२०, मॅग्नेशियम १३३०, नायट्रेट ८, फॉस्फेट ०.०६ पीपीएम. प्रवाळांत झोआ, ग्रीन स्टार पॉलिप, टोडस्टूल लेदर. दगडी प्रवाळांत हॅमर, टॉर्च, दोन अकान, मोंटिपोराच्या तीन वसाहती (सगळे आयातीचे, कागद आहेत). मासे चारच: ऑसेलारिस क्लाउनची जोडी, एक पायजमा कार्डिनल, एक वॉचमन गोबी. शिवाय दोन क्लीनर झिंगे. मागच्या कोपऱ्यात एप्टेशिया (तणासारखे पसरणारे, डंख मारणारे छोटे अ‍ॅनिमोनी) वाढून राहिले, वीस-पंचवीस तरी असतील.

डोक्यात तीन मासे आहेत: फ्लेम एंजल, कॉपरबँड बटरफ्लाय आणि नायजर ट्रिगर. वरून विक्रेता म्हणतो, एम्परर एंजलचं पिल्लू घ्या, लहान आहे, चालून जाईल. कोणता मासा प्रवाळासोबत चालतो याच्या तक्त्यांमध्ये या सगळ्यांपुढे 'जपून' एवढंच लिहिलेलं असतं. जपून म्हणजे नेमकं काय करायचं, हे कोणी सांगेल का? कोणता घ्यावा, कोणत्या क्रमाने, आणि एप्रिल लागलाच आहे तर आत्ता की पावसाळ्यानंतर?

मिठाचा_खडा

'जपून' या एका शब्दात तीन वेगळी प्रकरणं कोंबलेली आहेत, घोळ तिथेच होतो. काही माशांचं प्रवाळ हेच अन्न असतं. काहींना प्रवाळाशी घेणंदेणं नसतं, पण झिंगे, गोगलगायी, नळीकिडे दिसले की सोडत नाहीत. आणि काही फक्त इतर माशांचा जीव नकोसा करतात. मासा समुद्रात काय खातो आणि त्याचं तोंड कशासाठी बनलंय, हे पाहिलं की तक्त्याची गरज निम्मी संपते.

पहिल्या प्रकारात तडजोड नाही. शेवरॉन, ऑर्नेट, मेयर्स या बटरफ्लाय जाती जवळपास फक्त प्रवाळाचे पॉलिप (वसाहतीतले एकेक जीव) खातात. नारिंगी ठिपक्यांचा फाइलफिश अक्रोपोरावर जगतो, इतका की खाल्लेल्या प्रवाळाचाच वास त्याच्या अंगाला येतो आणि शिकारी माशांना तो वासाने सापडत नाही. असे मासे दुकानात कितीही सुंदर दिसले तरी घरी आणून उपाशीच मरतात.

आता तुमची यादी. फ्लेम एंजल मुळात शेवाळ आणि खडकावरचा गाळ-थर खरवडणारा. खरवडता खरवडता मांसल प्रवाळावर तोंड मारतो. तुमच्या टाकीत सगळ्यात आधी अकान जातील, मग झोआ. टॉर्च-हॅमरला क्वचित लागतो आणि मोंटिपोराचा फक्त चिकट स्राव चाटतो, त्याने पॉलिप आत जातात पण रंग टिकतो. टाकीत शिंपला असता तर मी सरळ नाही म्हटलं असतं, कारण त्याच्या मखमली काठावर या माशाचा हमखास डोळा असतो. त्याच कुळातला लेमनपील फ्लेमपेक्षा जास्त खोडकर, कोरल ब्यूटी साधारण फ्लेमसारखाच. पण जातीपेक्षा एकेका माशाचा स्वभाव मोठा, म्हणून खात्री कोणीच देऊ शकत नाही. प्रौढ १० सेंटीमीटर, ४२० लिटरमध्ये जागेचा प्रश्न नाही. टाकीत एकच ठेवा.

एम्परर विसरा. तो ४० सेंटीमीटरचा होतो. स्पंज आणि मांसल प्रवाळ खातो, आणि पिल्लाची निळी-पांढरी वर्तुळं जाऊन पिवळे पट्टे येईपर्यंत तुमची टाकी त्याला बादलीसारखी वाटायला लागेल. 'लहान आहे' हे वाक्य विक्रेत्याच्या सोयीचं, माशाच्या नाही.

एंजलच हवा आणि धोका नको असेल तर जेनिकँथस वंश पाहा. ते मधल्या पाण्यात तरंगणारे प्लवक खातात, प्रवाळाकडे ढुंकूनही बघत नाहीत. अडचण इतकीच की त्यातले बरेच १५ ते २५ सेंटीमीटर वाढतात आणि त्यांना पोहायला लांबी लागते.

सावजी_शार्क

खडाभाऊंशी सहमत, पण नायजरबद्दल बोलले नाहीत. नायजर प्लवक खाणारा ट्रिगर आहे, प्रवाळ खात नाही. क्लाउन ट्रिगर किंवा अंड्युलेटसारखा खडक फोडत नाही. मग 'धोकादायक' कशाला म्हणायचं? चांगला मासा आहे बाप्पा, उगाच घाबरवू नका.

मिठाचा_खडा

प्रवाळ खात नाही, बरोबर. पण तो दुसऱ्या प्रकारात बसतो. दोन क्लीनर झिंगे आहेत ना, ते नव्याने सोडले तर पहिल्या रात्रीच खल्लास, आणि जुने असले तरी साल टाकल्यावर अंग मऊ असतं तेव्हा जातात. शिवाय ट्रिगर फ्रॅग (प्रवाळाचा तोडून लावलेला छोटा तुकडा) उचलून दुसरीकडे नेऊन टाकतो. चिकटवलेला नसला तर सकाळी झोआ वाळूत उलटा सापडतो. खरी अडचण मात्र मापाची. निसर्गात तो ५० सेंटीमीटरपर्यंत जातो, टाकीत २५-३० तरी होतोच. चार फुटी टाकीत नको. त्याच्याऐवजी लोक निळ्या गळ्याचा ब्लूजॉ सुचवतात. स्वभावाने सगळ्यात सभ्य ट्रिगर तोच, पण त्यालाही सहा फूट लांबी हवी.

सावजी_शार्क

सहा फूट म्हणजे विषयच संपला. मग ट्रिगरचा नाद सोडा तर्रीभाऊ, झिंगे वाचले.

शंखशिंपला

कॉपरबँडबद्दल मी लिहिते. लोक हा मासा एप्टेशिया खाईल म्हणून आणतात. बरेच खातात, काही अजिबात खात नाहीत. म्हणून एप्टेशियासाठी कॉपरबँड आणू नका. कॉपरबँड हवा म्हणून आणा, एप्टेशिया गेले तर बोनस समजा. लांब चोच खडकाच्या फटीतले नळीकिडे उपसण्यासाठी आहे. पंख्यासारखे फेदर डस्टर असतील तर ते आधी जातील. प्रवाळाला सहसा त्रास नाही, कधीकधी अकानची टोकं टोचतो.

खरा प्रश्न तो जगण्याचा आहे. बहुतेक कॉपरबँड उपासमारीने जातात. निवडताना समोरून नाही, वरून पाहा. डोळ्यांमागचा पाठीचा भाग फुगीर हवा. सुरीच्या पात्यासारखा खोल गेलेला असेल तर कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. विक्रेत्याला खातानाचा व्हिडिओ मागा, फ्रोझन मायसिस (झिंग्यासारखे बारीक जीव) खाताना. 'जिवंत आर्टेमिया खातो' याला अर्थ नाही, ते सगळेच खातात.

घरी आल्यावर उघड्या शिंपल्यावर सुरुवात करा. मुंबईहून येणाऱ्या फ्रोझन तिसऱ्या चालतात, अर्धी शिंप वाळूवर ठेवायची. चोचीने मांस ओढायची त्याची सवय शिंपल्यात बरोबर बसते. त्याच शिंपेत मायसिस चेपून ठेवा, चार-पाच दिवसांत शिंप नुसती मायसिसची ठेवली तरी येतो. मग पाण्यात सोडलेलं घेऊ लागतो. फक्त तिसऱ्यांवर ठेवू नका. त्यांत बी-१ जीवनसत्त्व मोडणारं एन्झाइम असतं, महिनाभरात त्याचा परिणाम दिसतो. मसालेवाले, हळद लावलेले झिंगे चुकूनही नको, साधे कच्चे, धुतलेले.

दिवसातून चार वेळा, थोडं थोडं. हा हळू खातो, तोवर क्लाउन सगळं पळवतात. क्लाउनना एका कोपऱ्यात पेलेट टाका, मग दुसऱ्या कोपऱ्यात पिपेटने त्याला.

एप्टेशियासाठी दुसरे मार्गही बघा. पेपरमिंट झिंगा लहान एप्टेशिया साफ करतो. पण त्याच्या नावाखाली बाजारात उंटझिंगा विकला जातो. पाठीला कुबड, अंगावर लाल-पांढऱ्या रेघांची ठळक नक्षी आणि हलणारी चोच असेल तर तो उंटझिंगा, आणि तो झोआ आणि मशरूम खातो. दोन-चारच मोठे एप्टेशिया असतील तर विरवलेल्या चुन्याचा (कॅल्शियम हायड्रॉक्साइड) जाड लेप सिरिंजने सरळ तोंडात भरा. पंप १५ मिनिटं बंद ठेवून, एका वेळी तीन-चारच. जास्त मारले तर पीएच उसळतो. कात्रीने कापू मात्र नका, राहिलेल्या तुकड्यातून नवे उगवतात.

बुलडीवाला

फाइलफिश राहिला. हिरवट-तपकिरी, खरखरीत कातडीचा, एप्टेशिया खाणारा म्हणून विकतात तो. एप्टेशिया खरंच खातो, कॉपरबँडपेक्षा भरवशाने खातो. पण एप्टेशिया संपले की झोआ आणि अकानवर येतो. म्हणून तो पाहुणा म्हणून आणायचा, काम झालं की परत. आता परत कसा काढणार ते विचारा.

तर्रीपोहा

हेच विचारणार होतो. ३५ किलो खडक आहे, त्यातून मासा काढायचा म्हणजे अख्खी टाकी उपसावी लागेल. आणि दुसरं: एखादा प्रवाळ मिटला तर तो माशाने टोचला म्हणून की पाण्यामुळे, हे कसं कळावं?

मिठाचा_खडा

आधी दुसरं, ते सोपं. स्ट्रॉबेरी ज्या जाळीदार प्लास्टिक डबीत मिळतात तशी डबी संशयित प्रवाळावर उलटी घाला, वर एक दगड. प्रकाश आणि प्रवाह आत जातो, मासा जात नाही. दोन-तीन दिवसांत प्रवाळ उघडला तर दोष माशाचा. नाही उघडला तर अल्कलिनिटी, प्रवाह, प्रकाश तपासा. आठवड्यात अल्कलिनिटी ८ वरून १० झाली तरी टॉर्च मिटतो आणि बिचाऱ्या एंजलवर आळ येतो. डबीखालचाही मिटलेला आणि रात्री फाटलेला सापडला तर लाल उजेडाची बॅटरी लावून रात्री अकराला पाहा, खेकडा किंवा मोठा ब्रिसल वर्म निघू शकतो. दिवसासाठी मोबाइल स्टँडला लावून तासभर रेकॉर्डिंग करा आणि खोलीबाहेर जा. माणूस समोर असला की मासे जेवणाच्या आशेने काचेशी येतात, चोरी नंतर करतात.

खुणाही वेगळ्या असतात. एंजलने अकानचं मांस लचका तोडल्यासारखं, कडेला. बटरफ्लायने एकेक पॉलिप नीट उपटलेला, बाजूचे शाबूत.

आता बाहेर काढणं. माझ्या मते या सगळ्या धाग्यातली हीच एक गोष्ट आधी ठरवायची आहे: जो मासा बाहेर काढायची सोय नाही, तो आत टाकायचा नाही. सोय दोन टप्प्यांत होते.

पहिला टप्पा टाकण्याआधीचा. पारदर्शक अ‍ॅक्रिलिकची छिद्रांची पेटी, ३० × १५ × १५ सेंटीमीटर, काचेला आतून टांगायची. क्वारंटाईननंतर मासा आधी त्यात दोन आठवडे. क्लाउन येऊन काचेवर धडका देतील, चार-पाच दिवसांत कंटाळतील. तेवढ्यात मासा पेटीतच खायला शिकतो. मुख्य म्हणजे याच पेटीत तुमच्या अकानचा आणि झोआचा एकेक छोटा फ्रॅग ठेवा. फ्लेम पोटभर खाऊनही पहिल्या आठवड्यात फ्रॅगवर तुटून पडला, तर तो पेटीतूनच परत जातो, खडक हलवावा लागत नाही. फ्रॅग सोडला म्हणजे पास, असं मात्र नाही. पेटीत बिथरलेला मासा गप्प असतो, तीन महिन्यांनी स्थिरावला की सुरू करतो. परीक्षा एकतर्फी आहे, नापास खरं, पास अंदाज.

दुसरा टप्पा नंतरचा. तीच पेटी, एका बाजूला सरकतं दार, दाराला नायलॉनची दोरी. रोजचं एक जेवण त्या पेटीतच द्यायचं, दार उघडं ठेवून. मासा पकडायची वेळ यायच्या आधीपासून, दर रविवारी का होईना, पेटीत खायची सवय ठेवा. वेळ आली की दोरी सोडायची. अचानक नवीन पेटी टाकली तर एंजल दहा दिवस जवळ येत नाही. ज्याला ही सवय नाही त्याला पहाटे, दिवे लागण्याआधी, झोपलेला असताना बघा. झोपायची फट ठरलेली असते.

जाळी शक्यतो नको. एंजलच्या गालाच्या काट्यात जाळी अडकते, आणि ट्रिगर तर पाठीचा काटा वर करून खडकाच्या फटीत स्वतःला कुलूप लावून घेतो, ओढून निघत नाही. पाणी एक तृतीयांशावर आणून मासे पकडणं हा शेवटचा उपाय. त्यासाठी ३०० लिटर पाणी ठेवायला स्वच्छ ड्रम तयार हवेत.

फुटाळा_किनारा

क्वारंटाईनबद्दल, कारण यात हात आखडता घेतला की पेटी-बिटी सगळं वाया.

वेगळी ६०-८० लिटरची टाकी. आत फक्त स्पंज फिल्टर (तीन आठवडे मुख्य टाकीच्या संपमध्ये भिजवून ठेवलेला), हीटर आणि लपायला पीव्हीसीचे एल्बो. खडक-वाळू नको, दोन्ही तांबं (परजीवी मारायचं औषध) शोषतात. वाळूत झोपणारा रॅस मासा असेल तर डब्यात सिलिका वाळू द्या, प्रवाळाची चुनखडी वाळू नाही.

पॉलिथीनमध्ये १०-१२ तास आलेला मासा थेंबथेंब पाणी सोडत तास-दीड तास रुळवायचा, ही जुनी पद्धत लांबच्या प्रवासाला घातक आहे. पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठून पीएच खाली असतो, म्हणून अमोनिया तितकासा विषारी नसतो. पिशवी उघडली की पीएच चढतो आणि तोच अमोनिया माशाला जाळतो. त्यामुळे विक्रेत्याकडून त्याच्या पाण्याचा खारटपणा आधी विचारून घ्या, क्वारंटाईन त्याच आकड्यावर ठेवा, बंद पिशवी २० मिनिटं तरंगवा, उघडा, मासा हाताने किंवा कपाने पलीकडे सोडा. पिशवीचं पाणी फेकून द्या. खारटपणा नंतर रोज थोडा थोडा वाढवा.

आधी खायला लावा, मग औषध. चिलेटेड तांबं २.२५ ते २.५ पीपीएम, तिथपर्यंत चार-पाच दिवसांत चढत जायचं, कॉपरबँड आणि एंजलला एकदम झटका सोसत नाही. मोजायला डिजिटल चेकर घ्या, रंग पाहून ठरवायच्या किटवर २ आणि २.५ मधला फरक डोळ्याला कळत नाही. २ च्या खाली घसरलं तर दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजा. ३० दिवस. अमोनिया बांधणारं औषध तांब्यासोबत वापरू नका, त्याऐवजी पाणी बदला आणि बदललेल्या पाण्यात त्याच प्रमाणात तांबं घाला. मग चपट्या कृमींसाठी (फ्लूक) प्राझिक्वांटेल लिटरला २.५ मिलिग्रॅम, सहा दिवसांनी दुसरा डोस. त्या काळात हवेचा पंप जोरात, कारण औषधाने जिवाणू वाढून ऑक्सिजन पडतो.

तांबं लागलेली बादली, नळी, जाळी रीफ टँककडे जाऊ देऊ नका. लाल टेप गुंडाळून ठेवा. तांब्याचा अंश झिंग्यांना आणि प्रवाळांना मारतो.

आणि जुन्या टाकीत पांढऱ्या ठिपक्यांचा रोग आधीच असेल तर नवा मासा कितीही धुतला तरी उपयोग नाही. सगळे मासे बाहेर, २६ अंशावर ७६ दिवस टाकी माशांविना.

नवीन_पाणी

मधेच विचारतो. लायनफिश प्रवाळ खात नाही म्हणे. मग तो 'सेफ' का नाही?

शंखशिंपला

प्रवाळासाठी सेफ आहे. तुमच्या क्लाउनसाठी नाही. तोंडात मावेल तो मासा गेला, आणि तोंड दिसतं त्यापेक्षा मोठं उघडतं. झिंगेही जातात. मोठ्या, मजबूत माशांच्या टाकीत तो चालतो, तर्रीभाऊंच्या नाही.

शिवाय पाठीचे, पोटाखालचे आणि शेपटीजवळचे काटे विषारी. टाकीत हात घालताना तो कुठे आहे ते बघून मगच. टोचलाच तर सोसेल इतक्या गरम पाण्यात, ४३ ते ४५ अंश, ३० ते ९० मिनिटं तो भाग बुडवून ठेवा. विष प्रथिनाचं असतं, उष्णतेने मोडतं. पाण्याचा गरमपणा न टोचलेल्या हाताने तपासा, दुखऱ्या हाताला भाजलेलं कळत नाही. बर्फ नको, पट्टी आवळून बांधणं नको. श्वास लागला, चक्कर आली, सूज कोपराकडे सरकली तर थेट मेडिकल किंवा मेयो (नागपूरची सरकारी रुग्णालयं) गाठा आणि 'विषारी काट्याचा मासा टोचला' असं स्पष्ट सांगा, सापाचं समजू देऊ नका. फॉक्सफेस माशालाही तसेच काटे आहेत. त्याला जाळीने नाही, डब्याने पकडायचं. बाकी फॉक्सफेस शेवाळाला उत्तम, उपाशी राहिला तरच अकान टोचतो, रोज नोरीचं (वाळवलेलं समुद्री शेवाळ) पान द्या.

उलटा धोकाही लक्षात असू द्या. काही प्रवाळकुळातले जीवच मासे खातात. हत्तीच्या कानासारखं मोठं मशरूम पिशवीसारखं मिटून झोपलेला मासा गिळतं, आणि कार्पेट अ‍ॅनिमोनी तर मँडरिनसारख्या संथ माशांना हमखास.

बुलडीवाला

आता उन्हाळा. आधी उत्तर: मे महिन्यात काही आणू नका. सोनेगावला विमानातून उतरलेली खोकी तासभर उन्हात राहिली तर आतल्या पाण्याचं तापमान थर्माकोलनेही रोखलं जात नाही. रेल्वेने येणाऱ्या पार्सलचं तर बोलूच नका. दसऱ्यानंतर मागवा.

दुसरं, नाजूक मासे टाकण्याआधी टाकीचं तापमान २५ ते २६.५ मध्ये बांधून घ्या. ३० अंशावर पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो (खाऱ्या पाण्यात २५ अंशाला लिटरला ६.७ मिलिग्रॅम, ३० ला ६.२ च्या आसपास) आणि त्याच वेळी माशाला जास्त लागतो. भुकेलाही वाढ होते, म्हणजे टोचणारा मासा जास्त टोचतो.

पाण्यावर पंखा लावला तर इथल्या कोरड्या मेमध्ये कमाल करतो. बाहेर ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल तर ओल्या फडक्याचं तापमान (वेट-बल्ब, म्हणजे त्या हवेत पाणी उडून जितकं थंड होऊ शकतं ते) २३ च्या आसपास येतं, पाणी त्या दिशेने खाली येतं. दिवसाला पाच लिटर पाणी उडालं तर साधारण १४० वॉट उष्णता सतत काढल्यासारखं होतं. पण हाच पंखा जुलैत फुकट. ३१ अंश आणि ८५ टक्के आर्द्रतेला ओल्या फडक्याचं तापमानच २९, पाणी त्याखाली जाणार कसं? म्हणून 'मेमध्ये निभावलं, चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) कशाला' असं म्हणणाऱ्यांची टाकी ऑगस्टमध्ये गचकते.

सावजी_शार्क

हॉलमध्ये कूलर लावला की मग पंख्याचा उपयोग नाही ना? दमटपणा होतो.

बुलडीवाला

अर्धं बरोबर. कूलर खिडकीत असेल, बाहेरची कोरडी हवा ओढत असेल आणि समोरून हवा निघायला दार उघडं असेल, तर पंखा चालतोच, कारण खोली थंड झाली तरी ओल्या फडक्याचं तापमान बदलत नाही. कूलर खोलीच्या आतच ठेवून दारं लावली तर हवा फिरून फिरून ओलीचिंब होते, तेव्हा पंखा बेकार. मात्र कूलरचा झोत टाकीवर नको. डासांसाठी लोक कूलरच्या पाण्यात औषध टाकतात, खसचा वास टाकतात. त्याचे तुषार टाकीत गेले तर सगळ्यात आधी झिंगे जातात.

तुमच्या मापाला पाव एचपीचा चिलर. तो संपशेजारी बंद कपाटात ठेवू नका, गरम हवा तिथेच फिरते आणि तो रात्रभर चालत राहतो. बाल्कनीत, सावलीत, पाइप गुंडाळून.

बाष्पीभवनाचं पाणी आपोआप भरणारा टॉप-अप लागेलच. पंख्यासोबत दिवसाला १० लिटर उडालं आणि भरलं नाही, तर खारटपणा एका दिवसात ३५ वरून जवळपास ३६ वर. टॉप-अपची टाकी २० लिटरच्या वर नको, सेन्सर अडकला तर तेवढंच पाणी जाईल. पाणी आरओ-डीआयचं, टीडीएस शून्य. नळाचं पाणी नको, पेंचचं असो की कन्हानचं, आणि बोअरचं तर नकोच. आरओचं वाया जाणारं पाणी कूलरला घाला, फक्त कूलरच्या गवतावर क्षार लवकर धरतील.

लाइट गेली तर पहिले दोन तास निर्णायक. इन्व्हर्टरवर फक्त एक वेव्ह पंप (टाकीत प्रवाह ठेवणारा), २०-३० वॉटचा. १५० एएचच्या बॅटरीवर रात्र निघते. इन्व्हर्टर साइन वेव्ह हवा, स्क्वेअर वेव्हवर साधे एसी पंप घुरघुरतात आणि गरम होतात. चिलर त्यावर घालू नका.

नवीन_पाणी

समुद्रघोडा कोणी विकतो का? तो तर शांत असतो.

मिठाचा_खडा

समुद्रघोडे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली संरक्षित आहेत. दगडी प्रवाळ, समुद्रपंखे, समुद्री काकड्याही. आपल्या किनाऱ्यावरून उचललेला 'लाइव्ह रॉक' कोणी स्वस्तात देत असेल तर हात लावू नका. आयातीचा प्रवाळ असेल तर आयातीचे कागद आणि पावती फाइलमध्ये ठेवा.

तर्रीपोहा

मग असं ठरवतो. ट्रिगर आणि एम्परर रद्द. उन्हाळ्यात चिलर आणि टॉप-अप बसवतो. आधी पेपरमिंट झिंगे चार, कुबड तपासून. दसऱ्यानंतर कॉपरबँड, तो दोन महिने नीट खाऊ लागला की सगळ्यात शेवटी फ्लेम. एक शंका: एवढं खायला घातलं तर फॉस्फेट चढेल ना?

शंखशिंपला

चढेल. फ्रोझन फूड आरओ पाण्यात वितळवून गाळणीतून गाळा, त्याचं पाणी टाकीत जाऊ देऊ नका. स्किमर (फेसासोबत घाण बाहेर काढणारं यंत्र) थोडा ओलसर, म्हणजे पातळ फेसावर चालवा. फॉस्फेट ०.१ च्या वर गेला तर फॉस्फेट शोषणारं माध्यम वापरा, पण अर्ध्या मापाने. शून्यावर आणलात तर डायनोफ्लॅजेलेट (तपकिरी, चिकट थर धरणारे सूक्ष्मजीव) येतात, ते फॉस्फेटपेक्षा वाईट. उपाशी एंजलपेक्षा ०.०८ फॉस्फेट परवडला.

मिठाचा_खडा

क्रम ठीक आहे. दोन दुरुस्त्या. फ्लेम येईपर्यंत अकान मोठे होऊ द्या. दोन तोंडांचा फ्रॅग तीन लचक्यांत संपतो, पंधरा तोंडांची वसाहत तेवढं सोसून भरून काढते. जमलं तर अकान वेगळ्या छोट्या टाकीतच ठेवा. आणि फ्लेमला रोज नोरी आणि स्पंज घातलेलं फ्रोझन एंजल फूड द्या.

फुटाळा_किनारा

तिसरी माझी. झाकण. तुमची टाकी उघडी दिसते. कॉपरबँड क्वचित, पण क्लाउनने पाठलाग केला की नवा फ्लेम रात्री उडी मारतो. स्लायडिंग खिडक्यांना डासांची जाळी बसवणारे असतात, त्यांच्याकडून अॅल्युमिनियमची पावडर कोटेड चौकट करून घ्या, पण आत त्यांची बारीक जाळी नको, प्रकाश अडतो. त्यात ६ मिलिमीटर भोकांची पारदर्शक नायलॉन जाळी लावा. स्टीलचे स्क्रू नकोत, गंजून पाण्यात गळतात.

तर्रीपोहा

माप घेताना रिटर्न पाइप आणि वेव्ह पंपाच्या वायरीसाठी खाच ठेवू की अख्खी चौकट?

फुटाळा_किनारा

मागच्या दोन कोपऱ्यांत ३ सेंटीमीटरची खाच, आणि त्या खाचेवर जाळीचा सुटा तुकडा. मासा नेमका तिथूनच बाहेर जातो. ओव्हरफ्लोच्या (पाणी संपमध्ये सांडतं त्या कप्प्याच्या) दातऱ्यांवरही जाळी लावा, नाहीतर फ्लेम सापडेल तो संपच्या फिल्टर सॉकमध्ये (गाळणीच्या पिशवीत).